ओआरएममध्ये क्लासचा वारसा: एकच टेबल, जोडलेली टेबले की प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र टेबल?

रिकामा_रकाना यांचा प्रश्न

नमस्कार. कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारी एक प्रणाली आम्ही नव्याने लिहीत आहोत. भाषा जावा आहे, ओआरएम (क्लासच्या वस्तू आणि डेटाबेसची टेबले यांची सांगड घालणारे साधन) म्हणून जेपीए या जावाच्या विनिर्देशाच्या अ‍ॅनोटेशनसह हायबरनेट वापरतो आणि डेटाबेस पोस्टग्रेस आहे. क्लासच्या रचनेबद्दल आमच्या गटात मतभेद नाहीत. त्या रचनेची टेबले कशी करावीत यावर मात्र तिघांची तीन मते आहेत.

'यंत्र' हा आमचा अमूर्त मूळ क्लास आहे. अनुक्रमांक, निर्माता, ठिकाण, बसवल्याची तारीख आणि सद्यस्थिती ही सर्वांना समान असलेली माहिती त्यात आहे. त्याखाली पंप, मोटर, व्हॉल्व्ह, सेन्सर, प्रेशर व्हेसल असे अकरा सबक्लास आहेत आणि पंपाखाली सेंट्रिफ्युगल व रेसिप्रोकेटिंग असे आणखी दोन. बहुतेक सबक्लासची स्वतःची माहिती थोडीच आहे. व्हॉल्व्हला व्यास आणि जोडणीचा प्रकार एवढे दोनच कॉलम पुरतात. प्रेशर व्हेसलला मात्र कमाल दाब, कमाल तापमान, भिंतीची जाडी, शेवटच्या दाबचाचणीची तारीख असे पंधरा-वीस कॉलम लागतात आणि त्यांतील बरेचसे अनिवार्य आहेत, कारण ते रिकामे राहिले तर तपासणीचे वेळापत्रकच काढता येत नाही.

'तपासणी' आणि 'वर्क ऑर्डर' या दोन एंटिटी (टेबलात साठवले जाणारे क्लास) थेट 'यंत्र' या मूळ क्लासकडे निर्देश करतात. समोरचे यंत्र पंप आहे की मोटर याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. सर्वाधिक वापराचा पडदा म्हणजे सर्व यंत्रांची यादी, जी ठिकाण व सद्यस्थिती यांनुसार गाळली जाते आणि पानापानाने दाखवली जाते. त्याखालोखाल वापर होतो तो एका यंत्राच्या तपशिलाचा.

माझा कल जोडलेल्या टेबलांकडे, म्हणजे मूळ क्लासचे एक टेबल आणि प्रत्येक सबक्लासचे एक अशा रचनेकडे आहे, कारण त्यात प्रत्येक कॉलम आपल्या जागी राहतो आणि अनिवार्य कॉलमवर 'नॉट नल' (रिकामे मूल्य न स्वीकारण्याची अट) लावता येते. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की सगळे एकाच टेबलात ठेवावे, पन्नास-साठ कॉलम झाले आणि त्यांतले बहुतेक रिकामे राहिले तरी काही बिघडत नाही. तिसऱ्याच्या मते प्रत्येक प्रकाराला पूर्ण स्वतंत्र टेबल द्यावे, म्हणजे जॉइनचा (क्वेरीत टेबले एकमेकांना जोडण्याचा) प्रश्नच उरणार नाही. रिकाम्या कॉलमची खरी किंमत किती, एकाच टेबलात अनिवार्यता कशी राखतात आणि इतक्या जॉइनचा भार प्रत्यक्षात किती पडतो, हे अनुभवी सभासदांकडून समजून घ्यायचे आहे. यंत्रांचे नवे प्रकार पुढेही येत राहणार आहेत, हेही लक्षात घ्यावे.

जोडणीकार यांचे उत्तर

आपण क्लासच्या आकृतीपासून सुरुवात केली आहे. मी सुरुवात फॉरेन कीपासून, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्या टेबलाच्या ओळीकडे जाणाऱ्या निर्देशापासून करीन. मूळ क्लासकडे बाहेरून कोणी निर्देश करते का, आणि मूळ क्लासवर थेट क्वेरी चालते का, या दोन प्रश्नांची आपली उत्तरे 'होय' अशी आहेत, आणि त्यामुळे तिसरा पर्याय जवळपास बाद होतो.

प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र टेबल दिले की 'यंत्र' नावाचे टेबलच डेटाबेसमध्ये उरत नाही, कारण आपला मूळ क्लास अमूर्त आहे. मग 'तपासणी'मधला यंत्राचा कॉलम नुसता आकडा होतो; त्यावर फॉरेन की लावायला समोर टेबलच नाही. अनुक्रमांक सर्व यंत्रांमध्ये अद्वितीय असावा अशी अट असेल, तर तीही डेटाबेसकडून पाळून घेता येत नाही, कारण युनिक इंडेक्स एका टेबलापुरताच असतो. प्रायमरी कीसुद्धा सर्व टेबलांत मिळून अद्वितीय ठेवावी लागते आणि म्हणूनच हायबरनेट या पद्धतीत आयडेंटिटी प्रकारची (प्रत्येक टेबलाने स्वतः क्रमांक देण्याची) की स्वीकारत नाही. सर्वांसाठी एक सामायिक सीक्वेन्स किंवा यूयूआयडी वापरावा लागतो. आणि आपला यादीचा पडदा उघडला की प्रत्येक वेळी सगळ्या टेबलांचे 'युनियन ऑल' होणार, म्हणजे त्यांच्या ओळी एकाखाली एक जोडल्या जाणार. जॉइन टळतो हे खरे, पण तो फक्त तेव्हा, जेव्हा आपण आधीच एका ठरावीक प्रकाराबद्दल विचारत असतो. जेपीएच्या विनिर्देशातही ही पद्धत ऐच्छिक ठेवलेली आहे, म्हणजे तिला आधार देण्याचे बंधन अंमलबजावणी करणाऱ्यांवर नाही. मूळ क्लासमध्ये केवळ 'निर्मितीची वेळ' आणि 'शेवटचा बदल' असे सामायिक कॉलम असतील आणि त्याच्यावर कोणी क्वेरी करणार नसेल, तर 'मॅप्ड सुपरक्लास' (स्वतःचे टेबल नसलेला, केवळ कॉलम पुरवणारा पालक क्लास) पुरेसा असतो. आपले प्रकरण तसे नाही.

आता रिकाम्या कॉलमची किंमत. पोस्टग्रेसमध्ये ती बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा फारच कमी आहे. ओळीत एखादे जरी मूल्य नल असेल तरी त्या ओळीला एक बिटमॅप जोडला जातो आणि त्यात दर कॉलमला एक बिट खर्च होतो. नल मूल्य स्वतः कसलीही जागा घेत नाही. ओळीचे हेडर २३ बाइटचे असते आणि नेहमीच्या ६४-बिट यंत्रणेवर ते ८ च्या पटीत नेले जाते, म्हणून बिटमॅप नसताना २४ बाइट लागतात आणि बिटमॅपसह ७२ कॉलमपर्यंत ३२. थोडक्यात, आपल्या साठ कॉलमच्या टेबलात रिकामेपणाचा दंड दर ओळीला आठ बाइट इतकाच बसेल. याउलट जोडलेल्या टेबलांत प्रत्येक यंत्राच्या दोन किंवा तीन ओळी होतात, प्रत्येकीला स्वतःचे हेडर असते आणि प्रत्येक टेबलाला स्वतःचा प्रायमरी कीचा इंडेक्सही असतो. जागेच्या निकषावर एक टेबलच जिंकते.

अनिवार्यतेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. एकाच टेबलात सबक्लासचे कॉलम नल घेणारे ठेवावेच लागतात. पण त्याचा अर्थ अट सोडून द्यावी असा नाही. 'प्रकार = प्रेशर व्हेसल' हे विधान आणि 'कमाल दाब नल नाही' हे विधान एकमेकांच्या बरोबर असले पाहिजे, अशी चेक कन्स्ट्रेंट लिहिता येते. त्यातून दोन्ही बाजू सांभाळल्या जातात: प्रेशर व्हेसलला कमाल दाब असलाच पाहिजे आणि व्हॉल्व्हला तो चुकूनही असता कामा नये. यात एक खाच आहे. प्रकाराचा कॉलमच नल असेल तर चेकचे उत्तर 'अज्ञात' येते, आणि एसक्यूएलमध्ये अज्ञात उत्तराची चेक उत्तीर्ण मानली जाते. म्हणून प्रकाराच्या कॉलमवर 'नॉट नल' आधी लावावे. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणी मायएसक्यूएल वापरत असेल तर ध्यानात ठेवावे की तेथे चेक कन्स्ट्रेंट ८.०.१६ या आवृत्तीपासूनच खरोखर पाळल्या जातात. त्याआधी त्या निमूटपणे वाचल्या जात आणि विसरल्या जात.)

जोडलेल्या टेबलांच्या जॉइनची भीती मात्र काहीशी अवाजवी आहे. मूळ क्लासवर क्वेरी केली की हायबरनेट तेरा टेबलांशी लेफ्ट जॉइन करते आणि कोणत्या टेबलात ओळ सापडली यावरून एका 'केस' विधानाने क्लास ठरवते. यादीचे एक पान पन्नास ओळींचे असेल आणि गाळणीला व क्रमाला योग्य इंडेक्स असेल, तर हे सारे प्रायमरी कीवरचे शोध आहेत आणि ते झटपट होतात. अडचण येते ती क्रम इंडेक्समधून मिळत नाही तेव्हा, कारण मग बहुधा सगळे जॉइन आधी होतात आणि क्रमवारी शेवटी लागते. शिवाय पोस्टग्रेसचा नियोजक (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) आठपेक्षा अधिक टेबलांच्या स्पष्ट जॉइनचा क्रम मूळ सेटिंगमध्ये मुक्तपणे बदलून पाहत नाही, त्यामुळे या क्वेरीला आणखी चार जॉइन जोडले की योजना कधी कधी अनपेक्षित निघते. मोठ्या प्रमाणावर एकदम बदल करणारी एचक्यूएल (हायबरनेटची क्वेरी भाषा) विधानेही या रचनेत महाग पडतात. एकाहून अधिक टेबले बदलायची असल्याने हायबरनेट आधी ओळींच्या की तात्पुरत्या टेबलात गोळा करते आणि मग टेबलामागून टेबल बदलत जाते.

माझा सल्ला असा की एकच टेबल घ्यावे, पण प्रेशर व्हेसलचे पंधरा-वीस कॉलम त्यातून बाहेर काढावेत. क्लास 'यंत्र'चा सबक्लासच राहील, परंतु त्याच्यावर 'सेकंडरी टेबल'चे अ‍ॅनोटेशन लावून ते कॉलम वेगळ्या टेबलात पाठवता येतात. तेथे त्यांच्यावर सरळ 'नॉट नल' लावता येते आणि यादीच्या क्वेरीत तेराऐवजी एकच लेफ्ट जॉइन उरतो. हा मिश्र मार्ग फारसा चर्चेत नसतो, पण एक सबक्लास भरगच्च आणि बाकीचे किरकोळ अशा रचनेला तो नेमका बसतो.

सर्पपंथी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी पायथॉनकडचा आहे, आणि हीच तीन नावे घेऊन प्रत्येक ओआरएम निराळे वागते, हे येथे नोंदवणे योग्य वाटते. एका ओआरएमचा अनुभव दुसऱ्याला लावून दिलेले सल्ले महाजालावर पुष्कळ सापडतात आणि त्यांनी दिशाभूल होते.

जँगोमध्ये अमूर्त नसलेल्या मॉडेलचा वारसा घेतला की जोडलेली टेबलेच तयार होतात; सबक्लासच्या टेबलात मूळ टेबलाकडे जाणारा एक-ते-एक दुवा आपोआप येतो. परंतु मूळ मॉडेलवर क्वेरी केली की हाती मूळ मॉडेलच्याच वस्तू येतात, पंप किंवा मोटर येत नाही. हायबरनेटच्या सवयीचा माणूस येथे हमखास चकतो. एसक्यूएलअल्केमी या पायथॉनच्याच दुसऱ्या ओआरएममध्ये वस्तू योग्य सबक्लासची येते, पण जोडलेल्या रचनेत प्रथम केवळ मूळ टेबलाचे कॉलम वाचले जातात आणि सबक्लासच्या एखाद्या गुणधर्माला हात लावला की त्या वस्तूपुरती नवी क्वेरी जाते. पन्नास ओळींच्या यादीत त्यामुळे पन्नास जादा क्वेरी होऊ शकतात. ते टाळण्यासाठी कोणते सबक्लास सोबत वाचायचे हे आधी सांगावे लागते. एंटिटी फ्रेमवर्क कोअर हे डॉटनेटचे ओआरएम पूर्वनियोजित म्हणून एकच टेबल निवडते. जोडलेली टेबले त्यात ५.० या आवृत्तीत, २०२० साली आली आणि स्वतंत्र टेबले ७.० मध्ये, २०२२ साली. जेपीएमध्येही काही न सांगितल्यास एकच टेबल होते, आणि रुबीच्या रेल्सने तर प्रारंभापासून तोच मार्ग धरला आहे.

रेल्सचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. तेथे प्रकाराच्या कॉलममध्ये क्लासचे नाव जसेच्या तसे साठवले जाते, म्हणून क्लासचे नाव बदलले की जुन्या ओळी वाचता येईनाशा होतात. जेपीएही यातून पूर्ण सुटलेले नाही: आपण मूल्य दिले नाही तर मजकूर प्रकारच्या कॉलममध्ये एंटिटीचे नाव जाते. तेव्हा प्रत्येक सबक्लासला प्रकाराचे मूल्य स्वतः द्यावे, ते लहान ठेवावे आणि क्लासच्या नावाशी बांधू नये. कोड मोडून पुन्हा बांधण्याचे स्वातंत्र्य टिकवायचे असेल तर हे पहिल्याच दिवशी करायचे काम आहे. दोन वर्षांनी केले तर त्याला स्थलांतराची स्क्रिप्ट आणि प्रणाली बंद ठेवण्याची परवानगी लागते.

रिकामा_रकाना

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. स्वतंत्र टेबलांचा पर्याय आम्ही सोडला. सेकंडरी टेबलचा मार्ग एका शाखेवर करून पाहिला आणि यादीची क्वेरी खरोखरच आटोपशीर झाली.

या प्रयोगात एक गोष्ट आढळली तिचा उलगडा होत नाही. 'तपासणी'मधील यंत्राचा संबंध आम्ही लेझी (गरज पडेल तेव्हाच वाचला जाणारा) ठेवला आहे. त्या संबंधातून मिळालेली वस्तू 'प्रेशर व्हेसल' आहे का असे 'इन्स्टन्सऑफ'ने विचारले असता, डेटाबेसमध्ये ती निश्चितपणे प्रेशर व्हेसल असूनही उत्तर नकारार्थी येते. लॉगमध्ये छापल्यावर मात्र सगळी माहिती बरोबर दिसते.

दुसरे असे की, काही यंत्रे भाड्याने घेतलेली असतात आणि त्यांच्यासाठी कराराची मुदत, मालक अशी माहिती ठेवायची आहे. 'भाड्याचे यंत्र' हाही एक सबक्लास करावा, अशी सूचना आली आहे. ते योग्य होईल का?

आळशी_प्रॉक्सी यांचे उत्तर

पहिला प्रश्न माझ्या नावाचाच आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

लेझी संबंध वाचताना हायबरनेटकडे फक्त फॉरेन कीचे मूल्य असते. समोरची ओळ कोणत्या सबक्लासची आहे हे समजण्यासाठी ती ओळ वाचावी लागेल, आणि ती आत्ता वाचायची नाही यासाठीच तर संबंध लेझी ठेवलेला आहे. म्हणून ते 'यंत्र' या घोषित प्रकारापासून एक प्रॉक्सी (खऱ्या वस्तूच्या जागी उभी राहणारी वस्तू) तयार करते. ही प्रॉक्सी 'यंत्र'चा सबक्लास असते, 'प्रेशर व्हेसल'चा नसते. पुढे प्रत्यक्ष ओळ वाचली गेली तरी प्रॉक्सीचा क्लास बदलत नाही, कारण जावामध्ये तयार झालेल्या वस्तूचा क्लास बदलता येत नाही. ती केवळ आतल्या खऱ्या वस्तूकडे प्रत्येक कॉल पुढे पाठवते. लॉगमध्ये माहिती बरोबर दिसते ती त्यामुळे, आणि 'इन्स्टन्सऑफ' नकार देते तेही त्यामुळेच. एकाच टेबलाची रचना घेतली म्हणून हे टळत नाही. टेबले कशीही असोत, मूळ क्लासकडे जाणारा लेझी संबंध असला की हे घडू शकते.

हायबरनेटमध्ये प्रॉक्सी उलगडून आतली खरी वस्तू देणारी 'अनप्रॉक्सी' ही स्थिर मेथड आहे, ५.२ च्या मालिकेपासून ती उपलब्ध आहे. परंतु ती जागोजागी पेरण्यापेक्षा प्रकार विचारण्याची गरजच काढून टाकणे बरे. 'पुढील तपासणीची तारीख काढा' ही मेथड मूळ क्लासवर घोषित करून सबक्लासमध्ये आपापल्या रीतीने लिहिली, तर प्रॉक्सीवर कॉल केला तरी तो योग्य सबक्लासपर्यंत पोहोचतो. वारसा घेण्याचा उद्देशही तोच आहे. क्लासची उतरंड बांधून वर 'इन्स्टन्सऑफ'ची माळ लावायची असेल तर प्रकाराचा एक एनम (ठरावीक मूल्यांची यादी) पुरला असता. 'इक्वल्स' लिहितानाही हेच लक्षात ठेवावे: 'गेटक्लास'ची तुलना केली की प्रॉक्सी आणि खरी वस्तू एकाच ओळीच्या असूनही असमान ठरतात.

भाड्याच्या यंत्राबद्दल माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पंप हा जन्मभर पंप असतो, पण भाड्याचे यंत्र उद्या विकत घेतले जाऊ शकते. त्या दिवशी आपल्याला ओळीचा क्लास बदलावा लागेल, आणि ओआरएममध्ये त्यासाठी सरळ वाट नाही. हायबरनेट प्रकाराचा कॉलम बदलू देत नाही. मग एकतर नेटिव्ह एसक्यूएलने तो बदलून सेशनमधील जुनी वस्तू टाकून द्यावी लागते, नाहीतर ओळ पुसून नवी घालावी लागते आणि तिच्याकडे निर्देश करणाऱ्या सगळ्या तपासण्या नव्या कीकडे वळवाव्या लागतात. त्याहून मोठी अडचण अशी की मालकी हा यंत्राच्या प्रकाराहून वेगळा अक्ष आहे. जावामध्ये एका क्लासला एकच पालक असतो, तेव्हा 'भाड्याचा पंप', 'भाड्याची मोटर' अशी संपूर्ण उतरंड दुसऱ्यांदा लिहावी लागेल. 'भाडेकरार' ही वेगळी एंटिटी करावी आणि तिला यंत्राकडे निर्देश करू द्यावा. करार संपला तरी त्याची ओळ इतिहास म्हणून राहते, हा त्यातला अधिकचा लाभ. जे बदलू शकते ते क्लासमध्ये कोरू नये, असे मी माझ्या गटात नेहमी सांगतो आणि अर्धे लोक तरीही 'निलंबित वापरकर्ता' नावाचा सबक्लास लिहून आणतात.

टेबलांचा_पहारेकरी यांचे उत्तर

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु जोडलेल्या टेबलांना जी शुचिता येथे गृहीत धरली गेली आहे, ती त्यांच्या अंगी आपोआप येत नाही. प्रश्नकर्त्यांचा मूळ कल त्या बाजूला होता, म्हणून हे लिहितो. शिवाय सेकंडरी टेबललाही यातील बराचसा भाग लागू होतो.

नेहमीच्या पद्धतीने तयार केलेल्या जोडलेल्या टेबलांत सबक्लासच्या टेबलाची प्रायमरी की हीच मूळ टेबलाकडे जाणारी फॉरेन की असते. एवढ्याने डेटाबेस फक्त एक हमी देतो: मूळ ओळ असल्याशिवाय सबक्लासची ओळ असणार नाही. क्रमांक ४१७ चे यंत्र पंपाच्या टेबलातही आहे आणि मोटरच्या टेबलातही, ही स्थिती डेटाबेसला पूर्णपणे मान्य आहे. तसेच मूळ टेबलात ओळ आहे पण कोणत्याच सबक्लासच्या टेबलात नाही, हीसुद्धा. आणि मूळ क्लास अमूर्त असल्यामुळे अशी ओळ वाचताना हायबरनेट अपवाद फेकते. ओआरएममधून लिहिताना असे होत नाही, हे मान्य. पण डेटाबेसमध्ये केवळ ओआरएमच लिहीत असते असा डेटाबेस मी अजून पाहिलेला नाही; आयातीच्या स्क्रिप्ट असतात, रात्री हाताने केलेल्या दुरुस्त्या असतात.

पहिली स्थिती रोखण्याचा मार्ग जुना आणि भरवशाचा आहे. मूळ टेबलात प्रकाराचा कॉलम ठेवावा आणि 'क्रमांक व प्रकार' या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट लावावी. क्रमांक स्वतःच अद्वितीय असल्याने ती वरवर निरर्थक दिसते, परंतु फॉरेन कीला टेकण्यासाठी ती हवी असते. मग सबक्लासच्या प्रत्येक टेबलातही प्रकाराचा कॉलम घालावा, त्यावर 'नॉट नल' आणि 'प्रकार हा पंपच असला पाहिजे' अशी चेक लावावी, आणि फॉरेन की एका कॉलमची न ठेवता या जोडीची करावी. आता मूळ ओळीत प्रकार पंप असेल तर मोटरच्या टेबलात त्या क्रमांकाची ओळ जाऊच शकत नाही. पंपासारख्या मधल्या टेबलात चेकमध्ये दोन्ही उपप्रकारांची मूल्ये लिहावी लागतात, एवढेच. ओआरएमला सबक्लासमधील हा जादा कॉलम दाखवण्याची गरज नाही. त्याला पूर्वनियोजित मूल्य दिले की काम भागते. मधल्या टेबलात मूल्य एकच नसल्याने तेथे ते ट्रिगरने (टेबलात बदल होताच डेटाबेसने आपोआप चालवायच्या कोडने) भरावे.

दुसरी स्थिती, म्हणजे सबक्लासची ओळच नसणे, एवढ्या सहज रोखता येत नाही. त्यासाठी व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) शेवटी तपासणारा डिफर्ड कन्स्ट्रेंट ट्रिगर लिहावा लागतो. प्रेशर व्हेसलच्या सेकंडरी टेबलाबाबत तो लिहिणे मी आवश्यक समजतो, कारण तेथील 'नॉट नल' ओळ असेल तरच लागू पडते, आणि आपल्याला चिंता आहे ती दाबाची माहिती अजिबात नसलेल्या प्रेशर व्हेसलची.

नवा_सभासद

एक शंका. पोस्टग्रेसमध्ये टेबलांचा वारसा मुळातच उपलब्ध आहे ना? 'इनहेरिट्स' लिहून मुलांची टेबले करता येतात. मग ओआरएमने हा सारा खटाटोप का करावा?

टेबलांचा_पहारेकरी

सोय आहे, पण ती या कामाची नाही. मूळ टेबलावर लावलेली प्रायमरी की, युनिक कन्स्ट्रेंट किंवा फॉरेन की मुलांच्या टेबलांना लागू होत नाही. 'तपासणी'ने मूळ टेबलाकडे फॉरेन की लावली, तर पंपाच्या टेबलातील ओळ तिला दिसणारच नाही आणि नोंद नाकारली जाईल. म्हणजे स्वतंत्र टेबलांच्या पर्यायाचे बहुतेक दोष त्यात जसेच्या तसे आहेत. या सोयीचा मुख्य उपयोग पूर्वी टेबलांची विभागणी करण्यासाठी होत असे, आणि १० या आवृत्तीपासून घोषणेने करायची विभागणी आल्यावर तोही कमी झाला.

रिकामा_रकाना

सर्वांचे आभार. एक टेबल, प्रेशर व्हेसलला सेकंडरी टेबल आणि त्यावर ट्रिगर, चेक कन्स्ट्रेंट आणि भाडेकराराची वेगळी एंटिटी असे ठरवले आहे. प्रकाराची मूल्येही स्वतंत्र सांकेतिक अक्षरांत दिली आहेत.

इंडेक्सबाबत एक प्रश्न उरला. पंपांच्या पडद्यावर क्षमतेनुसार शोध होतो. बाकीच्या प्रकारांच्या ओळी त्या इंडेक्समध्ये कशाला, म्हणून 'प्रकार = पंप' अशा अटीचा आंशिक इंडेक्स केला. क्वेरीची योजना पाहिली तर तो वापरला जात नाही.

जोडणीकार

हायबरनेटने पाठवलेले एसक्यूएल लॉगमध्ये पाहावे. पंपाचे दोन सबक्लास असल्यामुळे पंपांवरच्या क्वेरीत 'प्रकार = पंप' असे नसून पंप, सेंट्रिफ्युगल आणि रेसिप्रोकेटिंग या तिन्ही मूल्यांची 'इन' यादी आलेली असेल. पोस्टग्रेस आंशिक इंडेक्स तेव्हाच वापरते, जेव्हा क्वेरीच्या अटीवरून इंडेक्सची अट तर्काने निघते. तीन मूल्यांपैकी कोणतेही चालेल असे म्हटल्यावर ते पंपच आहे असा निष्कर्ष निघत नाही, म्हणून नियोजकाने इंडेक्स नाकारला ते बरोबरच आहे. वापरला असता तर दोन उपप्रकारांच्या ओळी गळाल्या असत्या.

इंडेक्सच्या अटीतही तीच तीन मूल्यांची यादी लिहावी. प्रकाराची मूल्ये हायबरनेट क्वेरीत पॅरामीटर म्हणून न पाठवता थेट लिहिते, त्यामुळे नियोजकाला ती आधीच दिसतात आणि दोन्ही याद्या जुळवता येतात. 'पंप' हा क्लास आपण अमूर्त केला असेल तर त्याला स्वतःचे मूल्य लागत नाही आणि यादी दोन मूल्यांची होईल.

पुढे पंपाचा तिसरा उपप्रकार आला की क्वेरीतील यादी आपोआप वाढेल, पण इंडेक्सच्या अटीतील यादी वाढणार नाही. शोध चुकीचा होणार नाही, फक्त एका सकाळी संथ होईल आणि कारण कोणाला सुचणार नाही. म्हणून नवा सबक्लास जोडणाऱ्या मायग्रेशनमध्येच नवा इंडेक्स 'कन्करंटली' (टेबलावरचे लेखन न अडवता) बांधून घ्यावा आणि मग जुना काढावा. चेक कन्स्ट्रेंटही तेथेच बदलाव्यात: नवी कन्स्ट्रेंट आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून जोडावी आणि नंतर वेगळ्या विधानाने पडताळावी, म्हणजे जुन्या ओळी तपासल्या जात असताना टेबलावरचे लेखन अडत नाही. 'कन्करंटली' हे व्यवहाराच्या आत चालत नाही, तेव्हा मायग्रेशनच्या साधनाला त्या पायरीपुरता व्यवहार बंद ठेवायला सांगावे लागेल.